एका तावाचे पुस्तक : पदरमोडीच्या सचित्र बालवाङ्मयाविषयी

१

बालवाङ्मयाची समीक्षा करताना सचित्र पुस्तक आपण लेखकाच्या खाती जमा करतो. चित्रकाराचा उल्लेख झालाच तर चित्रे समर्पक असल्याच्या एका वाक्यात होतो, आणि समर्पक म्हणजे काय हा प्रश्न तेथेच सोडून दिला जातो. हेच सचित्र पुस्तक लेखकाने स्वतःच्या खर्चाने काढलेले असेल तर तेवढेही वाक्य त्याच्या वाट्यास येत नाही. प्राथमिक शिक्षक, चित्रकलेचे शिक्षक, निवृत्त कर्मचारी, एखादी हौशी आई अशी माणसे आपल्या बचतीतून पाचशे-हजार प्रती छापून घेतात. प्रकाशक म्हणून पुष्कळदा घरातल्याच कोणाचे नाव घातलेले असते. काही प्रती शाळांना भेट जातात, काही नातलगांना, आणि उरलेल्या गठ्ठ्याने घरात राहतात. या पुस्तकांना प्रस्तुत लेखात 'पदरमोडीची चित्रपुस्तके' असे म्हटले आहे.

अशा पुस्तकांबद्दल सहानुभूतीने बोलावयाची रीत आहे. पैसा अपुरा होता, म्हणून चित्रे साधारण झाली. साधने असती तर पुस्तक चांगले झाले असते, असे आपण म्हणतो. हे म्हणणे दयाळूपणाचे असले तरी समीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, आणि माझ्या मते ते चुकीचेही आहे. पदरमोडीच्या पुस्तकाचे अपयश बहुधा पैशाच्या अभावातून येत नाही. जे काम मोठ्या संस्था अधिक स्वस्तात आणि अधिक चांगले करू शकतात, तेच काम हा लेखक आपल्या पदरच्या पैशाने करावयास जातो, यातून ते येते. उलट जे काम त्या संस्थांना त्यांच्या रचनेमुळेच करता येत नाही, ते याच्या हातचे असते आणि बहुधा तेच राहून जाते. ते काम कोणते, ते कमी खर्चात कसे साधते, आणि समीक्षेने त्याची पारख कशी करावी, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

२

मराठीत मुलांसाठी स्वतःच्या जबाबदारीवर काही काढण्याची परंपरा प्राधान्येकरून नियतकालिकांची आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली सुरू केलेले 'बालबोध' मासिक त्यांनी १९१४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविले. परंतु ओकांच्या मागे निर्णयसागर छापखान्यासारखी समर्थ संस्था होती. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' काढला, तेव्हा लेखन, संपादन आणि व्यवस्था हा सारा भार प्रामुख्याने एकाच माणसाच्या खांद्यावर आला. भा. रा. भागवत आणि लीलावती भागवत या दांपत्याने १९५१ साली 'बालमित्र' सुरू केले. त्यात निष्ठा होती, कल्पकता होती आणि लेखनाचा दर्जा होता; तरीही पदरास खार लावून चालविलेले ते मासिक फार वर्षे तग धरू शकले नाही.

'बालमित्र' निघाल्यानंतर पुढल्याच वर्षी, १९५२ साली, मद्रासहून 'चांदोबा' मराठीत येऊ लागला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी हे मासिक १९४७ साली तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केले होते, आणि पुढे ते अनेक भारतीय भाषांत निघाले. येथे या दोन मासिकांचा सामना लावण्याचा हेतू नाही. एकाच्या उदयामुळे दुसरे मावळले असेही मला म्हणावयाचे नाही. परंतु दोहोंच्या रचनेतील भेद आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. 'चांदोबा'त पानोपानी चित्र असे. ते चित्र एकदा काढून घेतले की सर्व भाषांच्या आवृत्त्यांस पुरे. बदलावयाचा तो फक्त मजकूर. चित्रकाराचे मानधन आणि चित्राच्या मुद्रणाची सिद्धता यांचा खर्च अनेक भाषांत विभागला जाई. एकाच भाषेत, मर्यादित वर्गणीदारांसाठी निघणाऱ्या मासिकाला ही सोय नव्हती. त्याचे प्रत्येक चित्र त्याला एकट्यालाच परवडावे लागे.

अनेक भाषांना पुरणाऱ्या या चित्राला आपण 'सामाईक चित्र' म्हणू. आपल्याकडील स्वस्त आणि देखण्या बालपुस्तकांचा मोठा भाग या सामाईक चित्राच्या आधाराने उभा राहिला आहे. सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित होईपर्यंत मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनसंस्थांची मराठी बालपुस्तके आपल्याकडे येत. त्यांतील चित्रे मूळ रशियन आणि मजकूर तेवढा मराठी असे. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेत एकच चित्रसंच निरनिराळ्या भाषांत वापरला जातो. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे संगणकीय भांडार उघडले. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे त्यातील गोष्टी कोणालाही विनामूल्य वाचता, भाषांतरित करता आणि छापताही येतात. साधने बदलली, परंतु चित्र एक आणि भाषा अनेक, हे अर्थकारण 'चांदोबा'पासून आजवर तेच आहे.

या व्यवस्थेचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. रशियन बर्फ, मद्रासी चित्रकारांनी काढलेले राजवाडे आणि वेताळ यांनी मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांचे कल्पनाविश्व समृद्ध केले आहे. दूरचे ते मुलाला नको असते असे मानणे हा मोठा गैरसमज आहे. परंतु सामाईक चित्राला एक मर्यादा जन्मतःच असते. ते सर्वांना चालले पाहिजे. म्हणून ते कोणाच्याही गल्लीचे असून चालत नाही. त्यातले खेडे कोणतेही खेडे असते, त्यातली शाळा कोणतीही शाळा. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे पुसट ठेवावी लागतात, लुगडे कोणत्या पद्धतीने नेसले आहे हे फारसे स्पष्ट करून चालत नाही, घराच्या भिंती विटांच्या की दगडांच्या याचा निर्णय टाळावा लागतो. चित्रकार उत्तम असला तरी त्याच्या कामाचा हा करारच आहे.

३

आता पदरमोडीच्या लेखकाकडे वळू. किमतीच्या स्पर्धेत तो प्रारंभीच हरलेला असतो. पाठ्यपुस्तक मंडळातर्फे १९७१ पासून निघणारे 'किशोर', न्यासाची पुस्तके, विनामूल्य भांडारे यांच्याइतके स्वस्त पुस्तक त्याला काढता येणार नाही. छपाईचे गणित त्याच्या विरुद्ध आहे. प्लेटा करणे, यंत्र लावणे, रंग जुळविणे हा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि दहा हजार प्रतींनाही तेवढाच. प्रती कमी काढाव्या तर दर प्रतीचा खर्च चढतो, आणि अधिक काढाव्या तर त्या खपविणारी यंत्रणा त्याच्यापाशी नसते. हल्ली संगणकीय छपाईमुळे पन्नास-शंभर प्रतीही काढता येतात. त्यामुळे गठ्ठा घरात साचत नाही हे खरे, पण दर प्रतीचा खर्च त्यामुळे उतरत नाही.

मग असे पुस्तक काढावेच कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर स्वस्ताईत सापडणार नाही आणि देखणेपणातही सापडणार नाही. ते एकाच गोष्टीत आहे : या पुस्तकातले चित्र कोणा दुसऱ्या भाषेला, दुसऱ्या प्रांताला चालले पाहिजे अशी सक्ती नाही. हे चित्र एका गावाचे, एका वस्तीचे, एका गल्लीचे असू शकते. मोठ्या संस्थेला जे वैशिष्ट्य अडचणीचे, तेच याच्या पुस्तकाचे समर्थन आहे.

प्रत्यक्षात काय आढळते? पदरमोडीची पुस्तके पाहू लागले की ससा आणि कोल्हा, राजा आणि परी, जंगलातली सभा, बोलणारी झाडे यांचीच रांग लागते. चित्रे बहुधा कोणत्यातरी छापील चित्रावरून उतरविलेली असतात. अलीकडे ती संगणकीय चित्रसंग्रहातून आयती घेतलेली असतात. मुखपृष्ठ गुळगुळीत आणि भडक रंगांचे, आत मात्र दाट छापलेला मजकूर आणि तीन-चार पानांआड एक काळे चित्र. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हा खर्च समर्थनीय ठरला असता तीच टाळून, बाकीच्या सर्व गोष्टींवर पैसा घातलेला असतो. सामाईक चित्राची ही खाजगी नक्कल होय. ती मुळापेक्षा महाग असते आणि मुळापेक्षा उणी असते.

४

कमी खर्चाने चित्राचा संकोच होतो, या समजुतीला छेद देणारी दोन उदाहरणे इंग्रजीच्या इतिहासात आहेत. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांनी १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातून पीटर नावाच्या सशाची गोष्ट निर्माण झाली. पुढे प्रकाशकांनी ती नाकारल्यावर डिसेंबर १९०१ मध्ये पॉटर यांनी स्वतःच्या खर्चाने तिच्या २५० प्रती छापून घेतल्या, आणि फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २००. मुलाच्या हातात मावेल असा लहान आकार, प्रत्येक उघड्या जोडपानावर एक चित्र आणि त्याच्यासमोर थोडका मजकूर, अशी तिची रचना होती. प्रारंभीचे एक चित्र रंगीत होते. बाकी सर्व काळ्या रेषेत. रंग सोडावयास लेखिका सिद्ध होती. चित्रांची संख्या आणि आकार सोडावयास नव्हती. ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने तेच पुस्तक रंगीत चित्रांसह काढले, हा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की, काय गाळावयाचे याचा निर्णय तिने कथनाकडे पाहून केला. पुढे १९०५ साली पॉटर यांनी हिल टॉप हे शेत विकत घेतले, आणि तेथली बाग, जिना, स्वयंपाकघर त्यांच्या नंतरच्या पुस्तकांत ओळखू येतील अशा नेमकेपणाने उतरली. बोलणारे प्राणीही कोठल्यातरी विशिष्ट घरात राहतात, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण १९४० साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या पफिन चित्रपुस्तकांचे. युद्धकाळात कागदाची टंचाई असताना नोएल कॅरिंग्टन या संपादकाने सहा पेन्स किमतीची ही मालिका चालविली. रशियातील स्वस्त चित्रपुस्तके त्याच्या डोळ्यांसमोर होती. छायाचित्रण करून ठसे तयार करण्याचा खर्च वाचावा म्हणून चित्रकारांनी शिळाछापाच्या प्लेटांवर स्वतःच चित्रे काढली. यांतील पुष्कळ पुस्तकांत रंगीत जोडपाने आणि एकरंगी जोडपाने आलटून पालटून येतात. ही मांडणी सौंदर्यदृष्टीने सुचलेली नाही. तावाच्या एका बाजूला रंग छापावयाचे आणि दुसऱ्या बाजूला एकच रंग, या काटकसरीतून ती आलेली आहे.

या मांडणीचे मर्म मराठी लेखकाने समजून घेण्यासारखे आहे. म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

५

डबल क्राऊन ताव २० × ३० इंचांचा असतो. त्याला तीन घड्या घातल्या की आठ पाने, म्हणजे क्राऊन चतुर्थपत्री आकाराची १६ पृष्ठे मिळतात. मध्ये दोन पिना मारल्या की चित्रपुस्तकाला पुरेसा मोठा आकार असलेले पुस्तक तयार होते. तावाच्या बाहेरच्या बाजूवर पृष्ठे १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ पडतात. आतल्या बाजूवर २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५. सर्व पृष्ठे चार रंगांत छापावयाची तर दोन्ही बाजूंना चार-चार, अशा आठ प्लेटा लागतात. एक बाजू रंगीत आणि दुसरी काळी ठेवली तर पाच पुरतात, आणि यंत्रावरचे कामही त्या प्रमाणात घटते.

आता आतली बाजू रंगीत केली असे समजा. पुस्तक उघडल्यावर २–३ हे जोडपान रंगीत, ४–५ काळे, ६–७ रंगीत, ८–९ काळे, १०–११ रंगीत, १२–१३ काळे, १४–१५ रंगीत अशी मालिका आपोआप मिळते. रंगाचे येणे आणि जाणे निश्चित तालात होते. हा ताल छापखान्याने दिलेला आहे. त्याला अर्थ द्यावयाचा की नाही, हा लेखकाचा प्रश्न. बहुतेक लेखक गोष्ट आधी संपूर्ण लिहितात आणि मग कोठे रंग बसतील ते पाहतात. त्यामुळे काळे पान हे रंग न परवडलेले पान वाटते. गोष्टच जर या तालावर रचली तर काळ्या पानाला स्वतःचे प्रयोजन मिळते.

हे केवळ तर्काने सांगण्यापेक्षा आपल्या विद्यापीठापासून काही मैलांवर असलेल्या वाळूजचे उदाहरण घेऊ. नगर रस्त्यावरचे, गंगापूर तालुक्यातले हे गाव. १९८० नंतरच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत वाढली. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर या भागांत मराठवाड्याच्या खेड्यांतून, विदर्भातून आणि उत्तरेकडील प्रांतांतून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. वाळूजजवळच्या या पंढरपुरात विठ्ठलाचे देऊळ आहे आणि आषाढीला तेथे मोठी यात्रा भरते. येथल्या मुलाला शाळेत पाठ्यपुस्तक मिळते, आणि पुष्कळ घरांत तेच एकमेव सचित्र पुस्तक असते. त्यात नांगर आहे, बैल आहे, नदी आहे. सामाईक चित्राच्या पुस्तकांत जंगल आहे, राजवाडा आहे, क्वचित महानगरही आहे. तीन पाळ्यांत चालणारे गाव मात्र कोठेच नाही.

या मुलाच्या जीवनातला एक साधा अनुभव घ्या. बापाची रात्रपाळी असली की मूल जागे असते तेव्हा बाप झोपलेला असतो, आणि मूल झोपते तेव्हा बाप कामावर असतो. एका खोलीच्या घरात याचे परिणाम मुलाला रोज भोगावे लागतात. आता एका तावाचे पुस्तक कल्पनेने रचून पाहू. पहिल्या रंगीत जोडपानावर सकाळ : मूल शाळेला निघते आहे आणि बाप डबा हातात घेऊन परत येतो आहे. पुढच्या काळ्या जोडपानावर भर दुपारची खोली. खिडकीला चादर लावलेली, बाप झोपलेला, आणि आई आवाज न करता भांडी ठेवते आहे. पुन्हा रंगीत : बाहेरची गल्ली, जेथे मुले ओरडायचे नाही या अटीवर खेळत आहेत. मग ८–९ हे पुस्तकाच्या मधले जोडपान. हा कागद सलग असतो, मध्ये सांधा नसतो. म्हणून येथे एकच आडवे चित्र दोन्ही पृष्ठांवर पसरता येते. रात्र, लांबच लांब रस्ता, कंपनीची बस आणि दूरचे दिवे. काळ्या शाईला याहून योग्य जागा मिळणे कठीण. त्यानंतर पुन्हा रंगीत सकाळ. पुन्हा काळी रात्र, जिच्यात मूल जागे राहून वाट पाहण्याचा प्रयत्न करते. आणि शेवटच्या रंगीत जोडपानावर सुटीचा दिवस, आषाढीची यात्रा, बापाच्या खांद्यावर बसलेले मूल. ऊन, गर्दी आणि जागा असलेला बाप या तिन्ही गोष्टी या पुस्तकात प्रथमच एकत्र येतात.

या पुस्तकात राजा नाही, उपदेश नाही, आणि तीनशे-चारशे शब्दांहून अधिक मजकुराची गरजही नाही. रंग परवडत नाही म्हणून आलेला काळा रंग येथे कथेचा अर्धा भाग सांगतो. मुखपृष्ठ वेगळे जोडले नाही तर पहिले आणि सोळावे पृष्ठ काळे राहते, हे खरे. आणि काळ्या मुखपृष्ठाला लेखक भितो. ती भीती जास्तच असेल तर बाहेरची बाजू रंगीत करावी. मग मुखपृष्ठ रंगीत होईल, परंतु मधले सलग जोडपानही रंगीत होईल आणि रात्रीचा क्रम बदलावा लागेल. म्हणजे तावाची कोणती बाजू रंगीत करावयाची हा निर्णय छापखान्यावर सोडण्याजोगा नाही. निवेदन प्रथमपुरुषी असावे की तृतीयपुरुषी, या निर्णयाइतकाच तो वाङ्मयीन आहे.

मराठीत असे जवळचे जग चित्रपुस्तकातून मांडता येते याचे प्रत्यक्ष प्रमाणही आपल्यापाशी आहे. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके काही पदरमोडीची नव्हेत. परंतु लेखन आणि चित्रे एकाच हातची असल्यामुळे 'राधाचं घर'सारख्या मालिकेत मजकूर जे सांगत नाही ते चित्र सांगते. घरातली माणसे, त्यांच्या सवयी, भांडी, अंथरुणे हे सारे एका ओळखीच्या मराठी घराचे आहे. त्यांच्या एकूण बालसाहित्याला २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मात्र त्यांचे घर प्रामुख्याने पांढरपेशा वस्तीतले आहे, आणि ते तसेच असणे योग्य आहे, कारण ते त्यांच्या माहितीचे आहे. वाळूजची खोली वाळूजच्या माहितगारानेच काढली पाहिजे.

६

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मुलांना अद्भुत हवे असते. रोजची खोली पुस्तकात पुन्हा कशाला? याचे उत्तर असे की, स्वतःचे घर छापील पानावर पाहणे हा ज्या मुलाला कधीच लाभलेला नाही, त्याच्या दृष्टीने तेच अद्भुत आहे. शिवाय अद्भुताला बंदी नाही. रात्रपाळीच्या बसमध्ये वाघ चढला तरी हरकत नाही. बस मात्र तिथलीच असावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्थानिकतेच्या नावाखाली निकृष्ट चित्रांना आश्रय मिळेल, असे कोणी म्हणेल. ही भीती खरी आहे. गावाचे नाव पाटीवर लिहिले की चित्र स्थानिक होत नाही. स्थानिकता ही निरीक्षणाची कसोटी आहे आणि ती सामाईक चित्राच्या कसोटीपेक्षा कठोर आहे. कारण येथे चुकीचे काढले तर वाचणारे मूलच ती चूक दाखवील. चाळीतला नळ कोठे आहे, बसची दारे कोणत्या बाजूला आहेत, हे त्याला चित्रकारापेक्षा अधिक ठाऊक असते. म्हणूनच छापण्यापूर्वी कागद दुमडून हाताने काढलेली एक नमुना प्रत तयार करावी आणि ती त्याच वस्तीतल्या वर्गात वाचून पाहावी. या परीक्षेला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि तरी ती क्वचितच केली जाते.

तिसरा आक्षेप विक्रीचा. एका वस्तीचे पुस्तक घेणार कोण? याला सरळ उत्तर हे की, अशा पुस्तकाच्या दोन-तीनशे प्रतीच काढाव्यात. हजारांची आवृत्ती ही आपल्याकडची रूढी आहे. ती काही वाङ्मयाची गरज नव्हे. पॉटर यांनी २५० प्रतींनी प्रारंभ केला होता. वाळूज परिसरातील शाळा आणि वाचनालये एवढाच वाचकवर्ग धरला तरी तेवढ्या प्रतींना वाव आहे.

आता समीक्षेकडे येऊ. अशा पुस्तकांची पारख करताना तीन प्रश्न विचारावेत असे सुचवितो. चित्रावर हात ठेवला तर गोष्ट अपुरी राहते काय? राहत नसेल तर ते चित्र शोभेचे आहे आणि त्यावर केलेला खर्च व्यर्थ आहे. हेच चित्र दुसऱ्या कोणत्याही गोष्टीत खपून गेले असते काय? गेले असते तर लेखकाने आपली एकमेव सवलत गमावली आहे. आणि पान उलटल्यावर काही घडते काय? चित्रपुस्तकात पान उलटणे हीच वाक्यरचना असते. तेथे काही घडत नसेल तर सोळा पृष्ठांचे पुस्तक हा चित्रे चिकटवलेला निबंध होय. या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर लेखकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. म्हणूनच 'साधने अपुरी होती' ही सबब समीक्षकाने पुढे करू नये, आणि लेखकाची पुढे आली तर स्वीकारूही नये.

संशोधनाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवून हे टिपण संपवितो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी तीन ठरावीक ग्रंथालयांकडे स्वखर्चाने पाठविली पाहिजे. स्वतःचे पुस्तक काढणारी व्यक्तीही या दृष्टीने प्रकाशकच ठरते. प्रमाणित ग्रंथक्रमांकही आपल्या देशात विनामूल्य मिळतो. हे दोन्ही ज्याने केले नाही त्याच्या पुस्तकाचा पुढे संशोधकाला माग लागत नाही. गठ्ठा वाळवीने खाल्ला की पुस्तक होते याला पुरावाच उरत नाही. बालवाङ्मयाचा आपला इतिहास नामवंत लेखकांचा आणि मोठ्या प्रकाशनांचा इतिहास झाला आहे, याचे हेही एक कारण आहे.

तेव्हा पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील शाळांची कपाटे पाहावीत, भेट म्हणून आलेली अशी पुस्तके शोधावीत आणि त्यांची सूची करावी. सूचीत पृष्ठसंख्या, आकार, प्रती आणि चित्रकाराचे नाव यांची नोंद असावी. कोणती पृष्ठे रंगीत आहेत तेही लिहावे. गंगापूर तालुक्यापासून प्रारंभ करता येईल. त्या सूचीतील बहुसंख्य पुस्तके वरच्या कसोट्यांना उतरणार नाहीत हे मी गृहीत धरतो. परंतु त्यांत एखादे जरी आपल्या गल्लीकडे डोळे उघडून पाहणारे निघाले, तर ते कपाटातून काढून पुन्हा मुलांच्या हाती देणे, आणि ते का चांगले आहे हे नीट लिहून ठेवणे, हे विभागाचे काम आहे.